पाठ असलेली ओळ

"आ करा आजी, आ. एवढा एक घास. बघा तरी, बटाटा आहे. तुमच्या आवडीचा."

स्टाशाआजींनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि ताटातला पावाचा तुकडा हळूच झग्याच्या बाहीत सरकवला. आपल्याला कुणी पाहिलं नाही अशी त्यांची समजूत. रेखा झिराडकरनं पाहिलं होतं, पण तिनं चमचाच पुढे धरला. तो तुकडा कुणासाठी ठेवलाय हे आता सगळ्या मजल्याला ठाऊक झालं होतं.

"ठेव बाई तो चमचा," शेजारच्या पलंगाची चादर ताणत नंदा काथवटे म्हणाली. "भरवून भरवून माझा हात दुखून राहिला. त्या हॅनाबाईचा पाय बरा झाल्याशिवाय ही काही खायची नाही."

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या अंगाला म्हाताऱ्या माणसांचं एक नर्सिंग होम होतं. तिथे या दोघी एड होत्या. एड म्हणजे सरळ सांगायचं तर आया. नंदाला तो शब्द खपत नसे, महाराष्ट्र मंडळात ती "मी हेल्थकेअरमध्ये आहे" असं सांगायची. रेखा काहीच सांगायची नाही. नोकरीबद्दल नाही, गावाबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. मंडळातल्या बायका म्हणत, रेखा म्हणजे गरीब गाय. हो, गायच. पण गाय मुकी असते ती बिचारी मुळातच मुकी असते. रेखाचं तसं नव्हतं, आणि तेच तर सांगायचं आहे.

आधी स्टाशाआजींचं सांगते. हॅनाबाईनंच ते एकदा जिन्यात उभं राहून रेखाला आणि नंदाला सांगितलं होतं.

हॅना तेव्हा पाच वर्षांची. पोलंडातलं खेडं, जर्मन शिपाई गावात आलेले, ज्यू माणसं घराघरातून बाहेर काढून नेली जात होती. हॅनाची आई स्टाशाकडून दूध घ्यायची, एवढीच काय ती ओळख. ती माउली बटाट्याच्या शेताच्या बांधावर आली, पोरीचा हात स्टाशाच्या हातात दिला आणि निघाली. जाताना एकच मागणं मागितलं. ही रोज झोपताना एक ओळ म्हणते, प्रार्थनेची. बाकी सगळं विसरली तरी चालेल, ती ओळ तेवढी विसरू देऊ नका.

स्टाशाच्या नवऱ्यानं गोठ्यात भिंतीमागे दुसरी भिंत उभी केली. मधल्या फटीत पोर. सापडली असती तर नवरा, बायको, सासू, तिघांनाही गोळी. सासू रोज कुरकुरायची आणि रोज स्वतःच्या वाटणीचं दूध पोरीला पाजायची. कधी कुणाच्या नजरेला पडलीच तर लांबच्या बहिणीची मुलगी म्हणायचं. स्टाशानं तिला क्रूसाची खूण शिकवली, मेरीची प्रार्थना शिकवली, आणि कुणी विचारलं तर "मी ज्यू नाही" असं डोळ्याला डोळा देऊन सांगायला शिकवलं. पण रात्री फटीत तोंड घालून म्हणायची, आता म्हण. पोर तिच्या कानात ती ओळ म्हणायची. स्टाशाला अर्थ कळत नव्हता. पण तिनं आपलं एक व्रत धरलं होतं: पोरीच्या तोंडून ओळ ऐकल्याशिवाय रात्रीचा घास तोंडात घालायचा नाही.

पोरीची आई परत आली नाही. ज्यांच्या आया गेल्या त्यांच्यातल्या कुणाच्याच फारशा परत आल्या नाहीत. पुढे हॅना नातेवाइकांकडे अमेरिकेत आली, शिकली, स्कोकीला शाळेत मास्तरीण झाली, आणि स्टाशा विधवा झाल्यावर हट्टानं तिला इकडे घेऊन आली. आता आजींचं डोकं मागे गेलं होतं, थेट त्या गोठ्यात. दारावर टकटक झाली की उशीलाच पोर समजून पांघरुणाखाली दडवायच्या. हॅनाबाई रोज शाळेतून सुटली की यायची, दार लावायची, कानात काहीतरी पुटपुटायची, की आजी शहाण्यासारख्या जेवायच्या. सन चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात बाई बर्फावर घसरली आणि मांडीचं हाड मोडून हॉस्पिटलात पडली. झालं. आजींनी अन्न सोडलं.

उपाय झाले नाहीत असं नाही. हॅनाबाईनं हॉस्पिटलातून फोनवर ओळ म्हटली. माणूस नाही आणि आवाज येतोय म्हटल्यावर आजी भिऊन पलंगाखालीच जायला निघाल्या. मग हेड नर्सनं तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, ज्यू असलेल्या मिस्टर ॲडलरना आणलं. ते भले गृहस्थ, पण बहिरे. त्यांनी छाती काढून देवळात म्हणावी तशी ओळ म्हटली. आजींनी ट्रे फेकला, "इथे कुणी मूल नाही!" म्हणून किंचाळल्या, आणि दिवसभर थरथरत राहिल्या. त्यांना वाटलं, शिपाई सापळा लावताहेत.

आणि मग त्या दुपारी ते घडलं. बटाटा तसाच राहिला, रेखानं ट्रे उचलला, आणि बाहेर नेऊन ठेवून परत आत येताना तिचा हात वर गेला.

आजींच्या दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी ठोकलेली होती. मेझुझा. ज्यू घराच्या दारावर असतो, आत धर्मग्रंथातल्या ओळींची सुरळी असते, येता-जाता त्याला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची. आजी काही ज्यू नव्हत्या, त्यांच्या उशाला मेरीची तसबीर होती. पण हॅनाबाई म्हणाली होती, "माझी आई राहते ते माझं घर." रेखा महिनोन्‌महिने त्या दारातून हात अंगाशी धरून ये-जा करत होती. आज ध्यान नव्हतं. देवळावरून जाताना आपला हात जसा छातीशी जातो तसा तिचा हात वर गेला, डबीला लागला आणि ओठांवर आला.

कारण रेखा झिराडकर बेने इस्राएल होती, म्हणजे कोकणातली ज्यू. अलिबागजवळच्या झिराडची. आजोबांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यात कुणाला काही खुपत नव्हतं. तिची आजी सांगायची, आपले पूर्वज नागावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले, पोथ्या, पुस्तकं, होतं नव्हतं ते सगळं समुद्रात गेलं. तोंडात राहिली ती एक ओळ. 'ऐक, इस्राएला' अशी सुरू होणारी. किती पिढ्या दुसरं काहीच येत नव्हतं, पण बाळ जन्मलं तरी तीच, माणूस गेलं तरी तीच. तीच ओळ. आजीनं ती रेखाला अंथरुणात शिकवली, डोळ्यांवर हात ठेवून.

मग लपवायचं काय होतं? विचारा तिला! इथे तिच्यामागे कोण लागलं होतं?

झालं होतं असं, की अमेरिकेत आल्यावर पहिल्याच सणाला ती आणि नवरा इथल्या एका सिनॅगॉगमध्ये हौसेनं गेले होते. ती चांगली कांजीवरम नेसून. दारातल्या बाईनं हसतमुखानं विचारलं, "तुम्ही ज्यू? खरंच? काही कागदपत्रं आहेत का?" दोघं तिथूनच मागे फिरले. नवरा पुढे लवकर वारला. मग एकदा डेव्हनवर वाण्याच्या दुकानात खोबरं घेताना नंदा भेटली. मराठी ऐकून धावतच आली. "झिराडकर? म्हणजे कोकणातल्या! मासे खात असाल, म्हणजे सीकेपी का हो?" रेखाचा हात हातात घेऊन ती इतक्या मायेनं विचारत होती की रेखा म्हणाली, "हो."

तो एक 'हो'. पुढे त्या 'हो'चा संसार करावा लागला. नंदानंच ही नोकरी मिळवून दिली. मंडळात नेलं, गणपतीला आरतीचं ताट हातात दिलं. रेखा शनिवारी कामावर येत नसे, नंदानं परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं, "तिचा शनीचा उपास असतो." रेखा एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं मलिदा करायची, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. एकदा नंदा अचानक आली तेव्हा म्हणाली, कोकणातले गोड पोहे. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला "रेखाचे गोड पोहे" ठरलेले. देवाचा प्रसाद ती कागदी बशांतून वाटायची आणि बायका रेसिपी मागायच्या.

नंदाची पाठ होती, तिनं हात पाहिला नाही. आजींनी पाहिला.

त्यांच्या नजरेला एकदम धार आली. रेखा पलंगाशी येताच त्यांनी तिचं मनगट धरून तिला आत ओढलं. अंगात ताकद कुठून आली कोण जाणे. "आत ये. भिंतीशी. हळू." बाहीतला पाव काढला, तिच्या हातात कोंबला. रेखा शेहेचाळीस वर्षांची होती, सावळी होती, अंगात निळा युनिफॉर्म होता. आजींना तिच्यात पाच वर्षांची पोर दिसत होती.

"अगं बाई!" नंदा वळून बघतच राहिली. "तुलाच पोरगी समजून राहिली ही!"

आजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मोडक्या इंग्रजीत त्यांनी रेखाला विचारलं, अगदी मास्तरांनी पाढा विचारावा तसं, "सांग. तू त्यांच्यातली आहेस? ज्यू?"

रेखानं नंदाकडे पाहिलं. नंदा हसत होती.

"नो, आजी," रेखा म्हणाली. "हिंदू. आय ॲम हिंदू."

स्टाशाआजींचा चेहरा खुलला. त्यांनी रेखाचा गाल कुरवाळला. "शाबास," त्या म्हणाल्या. "शाबास माझी पोर. असंच सांगायचं. शिपाई विचारील, शेजारीण विचारील, पाद्रीबाबा विचारील. असंच." मग त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "आता कुणी नाही. आता म्हण."

आयुष्यात तिची इतकी लाज कुणी काढली नव्हती, आणि काढणारीला त्याचा पत्ताही नव्हता. आजी वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी तिच्या हातातला पाव परत घेऊन उशाला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अगं, किती सोपं झालं!" बाहेर आल्याबरोबर नंदा म्हणाली. "तू शिकून घे ना ती ओळ. चार-सहा शब्द तर असतील! तुझ्या तोंडून ऐकेल ती. पुण्य लागेल बाई."

"माझी जीभ नाही वळायची तसली," रेखा म्हणाली. जीभ अगदी वळली होती तिची, खोटं बोलायला.

पण नंदा ऐकते थोडीच! तिनं जाऊन हेड नर्सला सांगितलं. हेड नर्सनं मिस्टर ॲडलरना विचारून ओळ इंग्रजी अक्षरांत एका कार्डावर उतरवून घेतली. डॉक्टर येऊन गेले होते. वजन असंच उतरत राहिलं तर शुक्रवारी नाकातून नळी घालायची, आणि ती उपटू नये म्हणून हात बांधायचे, असं ठरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी हेड नर्सनं रेखाच्या हातात कार्ड ठेवलं. "प्लीज ट्राय. यू आर अवर ओन्ली होप."

आता बघा. देवानं एवढी सोय करून दिली होती. कार्ड हातात होतं. कार्डावरून वाचतेय असं दाखवायचं आणि ओळ म्हणायची, गुपितही राहिलं असतं आणि आजीही जेवल्या असत्या. तिनं एवढंच करायचं होतं.

पण खाई त्याला खवखवे. आजींच्या कानाशी वाकताना रेखाला वाटलं, ही ओळ माझ्या तोंडून सरळ निघाली की संपलं. नंदा दारातच उभी. ती अडाणी का आहे? कार्डाकडे न बघता, अडखळल्याशिवाय, सुरात ओळ आली तर तिला कळणार नाही? मग "तू दहा-बारा वर्षं मला काय सांगत होतीस?" मग सत्यनारायण, हळदीकुंकू, गोड पोहे, सगळं उलटं फिरणार. आणि पलीकडे ते मिस्टर ॲडलर, ते म्हणणार, तुम्ही ज्यू? खरंच? इकडे आड, तिकडे विहीर.

म्हणून तिनं ती ओळ मोडली. मुद्दाम. स्वतःच्या आजीनं शिकवलेली ओळ तिनं अक्षर अक्षर तोडून वाचली, जिथे थांबायचं नाही तिथे थांबली, शेवटचा शब्द चुकवला, चुकला म्हणून पुन्हा वाचला. डोळ्यांवर हात ठेवला नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचते आहे.

स्टाशाआजींनी डोळे उघडले. बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"विसरली," त्या म्हणाल्या. आणि मग कण्हल्यासारखं, "विसरली. मी तिच्या आईला काय सांगू?"

रात्री त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जाऊ दे गं," नंदा पार्किंग लॉटमध्ये म्हणाली. "तू केलंस ना तुझ्याकडून. परकी भाषा, कशी येणार?" आणि तिनं रेखाच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

शुक्रवारी रेखानं आजारी असल्याचा फोन केला. संध्याकाळी तिनं नेहमीप्रमाणे खिडकीचे पडदे ओढून घेतले आणि काचेच्या पेल्यात शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचा, तेलाचा दिवा लावला. अमित कॉलेजातून आठवड्याचे कपडे धुवायला घेऊन आला होता. इथेच जन्मलेला मुलगा, त्याला आईच्या पडद्यांचं नेहमीच हसू यायचं. आज तिचा चेहरा बघून तो हसला नाही. तिनं सगळं सांगितलं. त्याच्याशिवाय सांगायला होतं कोण?

"वेट," तो म्हणाला. "यू फेक्ड इट? ती लाइन?"

"अरे, नंदा तिथे उभी होती."

"सो व्हॉट? मम्मी, तू मला काहीच शिकवलं नाहीस. हिब्रू नाही, काही नाही. फक्त ती एक लाइन. एव्हरी नाइट. मला वाटायचं, ती तरी आपली रिअल गोष्ट आहे."

तो कपडे घेऊन खाली तळघरात मशीनकडे गेला. दिव्यातलं तेल संपेपर्यंत रेखा तिथेच बसून होती.

शनिवारी सकाळी ती चालत निघाली. शनिवारी गाडीत बसायचं नाही, हेही तिनं पाळलं होतं. डेव्हनवर साड्यांची दुकानं उघडत होती, पलीकडच्या फुटपाथवरून काळ्या टोप्यांतली ज्यू मंडळी पोराबाळांना घेऊन सिनॅगॉगला निघाली होती. एका छोट्या मुलीनं रेखाकडे पाहून हात हलवला. रेखानं मान खाली घातली आणि चालत राहिली.

दारात आल्यावर तिनं हात वर केला, डबीला बोटं लावली, ओठांना लावली. नंदा खोलीतच होती, पाठमोरी नव्हती.

"तू? शनिवारची? उपास आहे ना तुझा?"

रेखा पलंगाशी गेली. आजींच्या नाकात नळी होती, गालावर चिकटपट्टी. दोन्ही हातांना जाड पांढरे मोजे घालून ते पलंगाच्या कठड्याला मऊ पट्ट्यांनी बांधलेले होते. मऊ पट्ट्या! जिनं शिपायांच्या नाकावर टिच्चून पोर वाचवली तिला शेवटी बांधलं ते आपल्याच माणसांनी, आणि मऊ पट्ट्यांनी.

रेखा वाकली. उजवा हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. आणि आजीनं शिकवलेल्या सुरात, झिराडच्या घरात म्हणत तशी, तिनं ती ओळ स्टाशाआजींच्या कानात म्हटली. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा म्हणताना तिला कळलं की आपण एकट्या म्हणत नाही आहोत. नळीच्या बाजूनं आजींचे ओठ हलत होते. चाळीस वर्षांपूर्वी कानात पडलेली ओळ त्या कॅथलिक बाईला अक्षर न अक्षर पाठ होती.

मग आजी हसल्या. आणि तोंड उघडलं. चिमणीच्या पिलासारखं, मोठं. जेवायला.

रेखानं घाईघाईनं टेबलावरचा पाव घेतला.

"नको!" नंदानं झडप घालून तिचा हात धरला. "नळी आहे, श्वासात जाईल. आता तोंडानं काही द्यायचं नाही, ऑर्डर आहे."

आजी तोंड उघडून वाट पाहत राहिल्या. मोज्यातले हात पट्ट्यांना ओढत राहिले. मग दमल्या आणि तोंड आपोआप मिटलं.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. रेखा पाव हातात धरून उभी राहिली.

"तुला येत होतं," नंदा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसून गेलं होतं. "ते डोळ्यांवर हात ठेवणं वगैरे... तुला पहिल्यापासून येत होतं?"

"मी ज्यू आहे, नंदा. बेने इस्राएल. तू दुकानात विचारलंस तेव्हा मी..."

"ते मरू दे गं!" नंदा जवळजवळ ओरडलीच. "तू ज्यू अस, नाहीतर चंद्रावरून आलेली अस, मला काय करायचंय! मी काय तुला खाल्ली असती? गुरुवारी काय केलंस ते सांग. मुद्दाम अडखळलीस? मला कळू नये म्हणून?"

रेखानं होकारार्थी मान हलवली.

"आणि म्हातारीला उपाशी ठेवलंस."

नंदानं पदर नव्हता म्हणून ॲप्रनला डोळे पुसले आणि ती खोलीतून निघून गेली. रेखाला वाटलं होतं, नंदा विटाळ मानेल, बोलणं टाकेल, मंडळात सांगत सुटेल. या सगळ्याची तयारी तिनं इतकी वर्षं करून ठेवली होती. नंदा हे म्हणेल याची तयारी तिनं केली नव्हती.

चार-सहा दिवसांत आजींच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. मधल्या दिवसांत रेखानं रोज ओळ म्हटली. आजी कधी ऐकायच्या, कधी नाही. तोंड मात्र पुन्हा उघडलं नाही.

हॅनाबाई खोली आवरायला आली ती चारपायी वॉकर ढकलत. एकेक पाऊल टाकताना ओठ दाबून धरायची. रेखा आणि नंदा खोके भरत होत्या. दोघींत कामापुरतं बोलणं होतं. पलंगाजवळच्या खणात कागदी रुमालांच्या पुड्या निघाल्या, आत वाळून खडखडीत झालेले पावाचे तुकडे. नंदा टाकायला निघाली तशी हॅनाबाई म्हणाली, "थांबा. ती माझी वाटणी आहे." पुड्या तिनं एकेक करून पर्समध्ये ठेवल्या.

मग ती रेखाकडे वळली. "हेड नर्सनं मला सांगितलं. तुम्ही कार्डावरून तिला वाचून दाखवलीत. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुमच्यासाठी किती परकी भाषा, तरी तुम्ही..."

नंदा खोक्यावर वाकलेली होती. तिचा हात थांबला. पण तिनं मान वर केली नाही. ती सांगणार नव्हती, हे रेखाला कळत होतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. नुसतं "इट्स ओके" म्हटलं की झालं.

"परकी नाही," रेखा म्हणाली. "माझीच आहे. मी ज्यू आहे. मला लहानपणापासून पाठ आहे ती."

हॅनाबाईचे डोळे मोठे झाले, चेहरा उजळला. तेच तर रेखाला सोसवेना. तिनं घाईनं पुढचं बोलून टाकलं. "मी मुद्दाम चुकीची वाचली. ही मैत्रीण ऐकत होती म्हणून. आजींना वाटलं, तुम्ही विसरलात. त्यानंतर त्यांनी पाणी सोडलं. मग मी नीट म्हटली, पण तोपर्यंत नळी घातली होती."



"तिला वाटलं, मी विसरले?" हॅनाबाईनं विचारलं.

"दोन रात्री. मग त्यांनी ऐकली. माझ्याबरोबर म्हटलीसुद्धा. पण त्या दोन रात्री त्यांना तसंच वाटलं."

हॅनाबाई रागावली असती तर बरं झालं असतं, रडली असती तरी. तिनं पर्स गळ्यात अडकवली, वॉकर वळवला आणि दाराकडे निघाली. दारात थांबली. दोन्ही हात वॉकरच्या मुठींवर. उजवा हात सोडून पाहिला तर तोल जाऊ लागला, म्हणून परत धरला. ती डबीकडे बघत राहिली.

रेखा पुढे झाली. झिराडला म्हाताऱ्या बायका लहान पोरांसाठी करत, ते तिला आठवलं: आपली बोटं डबीला लावायची, आणि ज्याचा हात पोचत नाही त्याच्या ओठांशी न्यायची. तिनं डबीला बोटं लावली आणि हात हॅनाबाईच्या तोंडापुढे धरला.

हॅनाबाईनं त्या बोटांकडे पाहिलं. मग रेखाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण दुसरंही काही नव्हतं. तिनं मान जराशी बाजूला घेतली आणि वॉकर पुढे टाकला. ठक, ठक, ठक करत ती कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंत गेली.

रेखाचा हात तसाच राहिला होता. मागून नंदा बघत होती, समोर कॉरिडॉरमध्ये हेड नर्स, व्हीलचेअरमधले मिस्टर ॲडलर, सगळे बघत होते.

रेखानं ती बोटं आपल्या ओठांना लावली. मग ती आत गेली आणि राहिलेलं खोकं भरू लागली.